हरकतीचा हक्क आणि नवी पेठेचा रस्ता

सोलापूरच्या नवी पेठेत दुकानांसमोर लागणाऱ्या दुचाकी, रस्त्याच्या कडेला बसणारे फेरीवाले आणि उरलेल्या जागेतून वाट काढणारे पादचारी या साऱ्यांचा एकाच रस्त्यावर हक्क असल्याने, वाहतुकीचे नियोजन करताना कोणाचे म्हणणे ऐकून घ्यावे हा प्रश्न तेथे रोजच उभा राहतो. कायद्याने मात्र त्याचे उत्तर वेळोवेळी बदलले आहे.

मोटार वाहन कायद्यात 1956 मध्ये मार्गांच्या राष्ट्रीयीकरणाची, म्हणजे खासगी गाड्यांऐवजी सरकारी परिवहन उपक्रमाकडे मार्ग सोपवण्याची, स्वतंत्र तरतूद झाली, तेव्हा योजनेची झळ पोहोचणाऱ्या कोणालाही हरकत घेता येत असे. गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये सुनावणी एकाने घ्यायची आणि निर्णय दुसऱ्याने द्यायचा ही रीत अमान्य केली, आणि हरकतीला खरा अर्थ आला तो या निकालाने. तरीही 1969 च्या दुरुस्तीने हा हक्क मुख्यतः वाहतूक व्यावसायिक, त्यांच्या मान्यताप्राप्त संघटना, स्थानिक संस्था आणि पोलीस यांच्यापुरता उरला. ज्याच्यासाठी गाडी धावते तो प्रवासीच बाहेर राहिला, ही त्या काळाची मोठी चूक होय. 1988 च्या कायद्याने 30 दिवसांची मुदत देऊन ‘कोणत्याही व्यक्तीला’ पुन्हा दार उघडले.

रस्त्याची रुंदी आणि वाहनतळाची आरक्षणे 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील विकास आराखड्यात ठरतात. त्यावरही हरकती व सूचना मागवून नियोजन समिती सुनावणी घेते. पण तोवर नकाशावर रेघ ओढून झालेली असते, आणि बाधित मालक हरकत घेतो तशी खरेदीला आलेली गृहिणी घेत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या, म्हणजे आराखडा होण्याआधीच त्यांना बोलता येईल अशी सोय केली. पादचाऱ्यांसाठी तशी समिती नाही.

सोलापूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला, त्यामुळे नगरसेवकामार्फत गाऱ्हाणे मांडण्याची नेहमीची वाटही त्या काळात बंद होती. नवी पेठेचा पुढचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी दुकानदार, फेरीवाले, रिक्षाचालक आणि पायी येणारे ग्राहक यांची सुनावणी पेठेतच घ्यावी.