पहिली चूक प्लॅस्टिकच्या हाडावर

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला संत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण मांडलं. पाच महाभूतांपासून देह कसा घडतो, ते शिष्यांपुढे उलगडून ठेवलं. त्याच गावात १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. देह समोर मांडून शिकवायचं काम इथे तेव्हापासून नव्याने चालू आहे. त्या कामाला आता थ्रीडी प्रिंटरची जोड मिळू शकते, आणि ती मिळायला हवी.

एक साधं दुखणं घेऊ. पोराचा कान वाहतो. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि कानात तेलाचे थेंब टाकत मोसम निघून जातो. पू आत मुरत जाऊन कानामागचं हाड पोखरतो. मग ते हाड ड्रिलने कोरून साफ करावं लागतं. हे हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं. त्याच्या वर मेंदूचं आवरण, मागे मोठी रक्तवाहिनी आणि आतून चेहऱ्याची नस गेलेली. नसेला धक्का लागला, तर ओठ वाकडा होतो आणि डोळा मिटत नाही. नवशिक्या डॉक्टरने हा हात बसवायचा कुठे?

हा प्रश्न प्राचीन शल्यवैद्य सुश्रुतालाही पडला होता. त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सरावाचाच आहे. सरावाला तिथे ‘योग्या’ म्हणतात. छेद घ्यायला कोहळा, दुधी आणि काकडी. शिरा वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाके घालायला जाड कापड. आणि पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. शास्त्र कितीही पाठ असो, सरावाशिवाय शिष्य कामाला लायक होत नाही, ही त्याची भूमिका होती.

आजचा पुतळा सीटी स्कॅनमधून निघतो. स्कॅनमध्ये हाडाचे मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काप मिळतात. संगणकावर हाड, नस आणि रक्तवाहिनी वेगवेगळ्या रंगवून घेतल्या, की प्रिंटर थरावर थर चढवत काही तासांत ते हाड उभं करतो. नस पिवळी आणि रक्तवाहिनी निळी ठेवता येते. ड्रिल भलतीकडे गेलं की ते लगेच दिसतं. नमुना बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा, पुन्हा कोरायचं. एखाद्या रुग्णाचं अवघड हाड असेल, तर त्याच्याच स्कॅनवरून नमुना काढून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हात फिरवून पाहता येतो.

या नमुन्यांना मर्यादा आहेत. पीएलए हे स्वस्त आणि सर्वत्र वापरलं जाणारं प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. ड्रिलच्या उष्णतेने ते वितळून पात्याला चिकटतं, म्हणून पाण्याची धार सोडत राहावं लागतं. रेझिनचा नमुना कोरायला जास्त हाडासारखा लागतो. पण रक्त येत नाही आणि पेशींचा ओलावा नसतो. म्हणून देहदानातून मिळालेल्या देहाची जागा हा नमुना घेऊ शकत नाही. तो विद्यार्थ्याला त्या देहापाशी तयार करून नेतो. मिळालेला देह मोलाचा असतो. पहिले चुकलेले घाव त्याच्यावर पडू नयेत.

गावाकडच्या रुग्णाला डॉक्टर निवडता येत नाही. समोर जो उभा असेल, त्याच्या हातात तो मान देतो. त्या हाताची पहिली चूक प्लॅस्टिकवर होऊन गेलेली असावी, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. ज्या उसापायी बीडची माणसं घरदार सोडून फडात राबतात, त्याच उसापासून त्यांच्या लेकरांच्या डॉक्टरांचा हात घडवता येईल.