वालाचे बिरडे आणि डॉ. कमला सोहोनी

भाताची कापणी उरकल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर वाल घेण्याची रीत कोकणात जुनी आहे. भिवंडीकडील भातशेतीच्या मुलखात वालाचे बिरडे कोणास ठाऊक नाही? वाल रात्री भिजत घालावयाचे, दुसरे दिवशी पाणी काढून फडक्यात बांधावयाचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावयाचा आणि डाळिंब्या मऊ शिजवावयाच्या, हा क्रम सासूकडून सुनेकडे चालत आला आहे. दोन दिवसांचा हा खटाटोप पुरुषमंडळी केवळ जिभेच्या चोजल्याचा समजतात. त्यामागील शास्त्र ज्या मराठी विदुषीने प्रयोगशाळेत शोधले, तिचे नाव मात्र वाल पिकविणाऱ्यांच्या कानी क्वचितच गेले असेल.

आपण खाल्लेली प्रथिने पचविण्यासाठी शरीरात ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य तयार होते. कच्च्या वालात या ट्रिप्सिनचे कार्य रोखून धरणारा एक घटक असतो. त्यामुळे दाण्यात प्रथिने भरपूर असूनही कच्च्या दाण्यापासून त्यांचा पुरेसा लाभ होत नाही. पाण्यात नीट भिजवून चांगले शिजविले असता या घटकाचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. डॉ. कमला सोहोनी यांनी सहकाऱ्यासह वाल व डबल बी यांतून हा घटक शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला. ते संशोधन 1955 साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कमलाबाई माहेरच्या भागवत. मुंबईत पदवी घेऊन 1933 साली त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्यामुळे नकार दिला. गुणांची उणीव हे कारण नव्हतेच. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, तोही पहिले वर्ष परीक्षेचे मानावे आणि त्यांच्या उपस्थितीने इतरांचे चित्त विचलित होऊ नये, अशा अटींवर! पुरुष विद्यार्थ्यास अशी अट कोणी घातली असती काय? तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. 1939 साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. तेथील त्यांचे काम वनस्पतींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले आणि पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थी घडविले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडाशिंदीच्या या गोड रसात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी मराठीत आहारविषयक लेखनही केले. 1998 साली त्यांचे निधन झाले.

ग्रामसेवकांनी कडधान्याच्या प्रात्यक्षिकात पेरणीपाशी न थांबता चुलीपर्यंत जावे. वाल रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, बोटाने सहज चिरडतील इतके मऊ शिजवावे. विशेषतः लहान मुलांसाठी कच्चेपणा मुळीच राहू देऊ नये. मोड आणल्याने दाणा लवकर शिजतो, तथापि नुसते मोड पुरेसे नाहीत. गावातील वृद्ध स्त्रियांपाशी कडू वालाचा कडवटपणा काढण्याच्या निरनिराळ्या रीती असतात. त्या विचारून, सांगणारीच्या नावासह, नोंदवहीत उतरवून ठेवाव्या.