वरच्या रकान्यात न मावणारं

आमच्या कर्जतची कीर्ती दोन गोष्टींमुळे. एक बटाटेवडा आणि दुसरे ‘बँकर’. पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते, प्रवासी वड्यासाठी खाली उतरतात आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात. बोरघाटाचा चढ आहे एकास सदतीस. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून ही मागून ढकलणारी इंजिनं. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. मीही जन्मभर बँकेतच होतो; पण खरं सांगायचं तर, मागून ढकलण्यापेक्षा पुढून अडवण्याचंच काम मी अधिक केलं.

हे आठवायला निमित्त झालं शेजारच्या गुरुजींचं. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत ते शिक्षक आहेत. त्यांची मुलगी व्हायोलिन वाजवते, तेही पाश्चात्त्य पद्धतीचं. दर शनिवारी कर्जत लोकलने दोन-सव्वादोन तास मुंबईला शिकायला जायचं आणि तितक्याच वेळात परत यायचं, असा तिचा सात वर्षांचा नेम. एके संध्याकाळी गुरुजी एक पत्र घेऊन आले. युरोपातल्या एका उन्हाळी संगीतवर्गासाठी तिची निवड झाली होती. मुदत तीन आठवडे. निम्मी फी माफ. पण विमानाचं भाडं, व्हिसा, राहणं-जेवण आपलं आपण.

“साहेब, तीन आठवड्यांसाठी एवढं कर्ज काढावं का? तीन आठवड्यांत माणूस शिकून शिकून शिकणार किती?” गुरुजींनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. नोकरीत असतो तर मीही तोच विचारला असता. नव्हे, एकदा विचारलाही होता. नव्वदच्या दशकात खोपोलीचा एक कामगाराचा मुलगा असंच एक पत्र घेऊन माझ्या टेबलासमोर बसला होता. अर्जात ‘अभ्यासक्रमानंतरचं अपेक्षित उत्पन्न’ असा रकाना होता. तो त्याने कोराच ठेवला होता. मी त्यावर बोट ठेवलं. तो जरासा हसला, कागदाची घडी घातली आणि उठून गेला. नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं. तरीही तो कोरा रकाना अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून गुरुजींना मी एका मुंबईकराची गोष्ट सांगितली. झुबिन मेहता. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलगा मात्र आधी डॉक्टरकीच्या वाटेला लागला होता. ती वाट सोडून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो वाद्यवृंद-संचालन शिकायला व्हिएन्नाला गेला. १९५६ च्या उन्हाळ्यात त्याने इटलीतल्या सिएना गावचा वर्ग केला. तिथे काउंट किजी साराचिनी यांनी १९३२ मध्ये आपल्या वाड्यातच संगीताची अकादमी काढली होती आणि दर उन्हाळ्यात तिथे देशोदेशीचे विद्यार्थी जमत.

त्या वर्षी वर्गात कोण होतं? वीस वर्षांचा झुबिन, तेवीस वर्षांचा इटालियन क्लाउदिओ अबादो आणि तेरा वर्षांचा डॅनिएल बॅरनबॉइम! पुढे तिघेही जगातल्या अव्वल संचालकांमध्ये गणले गेले. पण तेव्हा तिघेही विद्यार्थीच.

त्यानंतर अबादो व्हिएन्नाला झुबिनच्याच गुरूंकडे, हान्स स्वारोव्स्कींकडे, शिकू लागला. मोठ्या संचालकांच्या तालमी बघायला बाहेरच्यांना मज्जाव होता. या दोघांनी काय करावं? तिथल्या गायकवृंदात भरती होऊन खर्जाचा आवाज लावायला सुरुवात केली. गाता गाता समोर उभ्या असलेल्या ब्रूनो वॉल्टर, कारायान अशा दिग्गजांचे हात न्याहाळता येत. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या टँगलवूडच्या उन्हाळी वर्गात स्पर्धा झाली. अबादो पहिला आला, झुबिन दुसरा. मैत्रीला तडा गेला नाही. १९६९ मध्ये लंडनला शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचक वाजलं, तेव्हा पियानोवर बॅरनबॉइम होता आणि डबल बासवर झुबिन. सिएनातले ते दोन विद्यार्थी तेरा वर्षांनी एकाच मंचावर बसले होते.

“गुरुजी, तीन आठवड्यांत विद्या नाही मिळत,” मी म्हणालो, “सोबती मिळतात.”

गुरुजी हाडाचे मास्तर. इतक्यात थोडेच ऐकणार? “पण आपले भीमसेन जोशी कुठे परदेशी गेले होते शिकायला?”

“अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, गुरू शोधायला ते घरातून पळाले आणि पार ग्वाल्हेरपर्यंत गेले. गदगच्या पोराला ग्वाल्हेर म्हणजे परदेशच की! आपली मुलगी निदान विचारून तरी जातेय.”

गुरुजी हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पतसंस्थेत गेलो. ‘जामीन राहू नका’ असं आयुष्यभर लोकांना सांगत आलेल्या या माणसाने जामीनदार म्हणून सही केली. घरी त्यावर काय ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहीत नाही.

मुलगी गेली आणि परतही आली. प्रमाणपत्र, फोटो, चॉकलेटं असं सगळं रीतसर झालं. मग एकदा गॅलरीत बसून ती निवांत बोलली. “काका, तिथे एकेकाने सगळ्यांसमोर वाजवायचं. मी दोन ओळी वाजवल्या असतील-नसतील, सरांनी थांबवलं. म्हणाले, हेच निम्म्या गतीने वाजव. मला जमेना. हळू वाजवताना प्रत्येक चूक उघडी पडते हो! रात्री खोलीत बसून रडले. वाटलं, बाबांचे पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी माझ्याहून कितीतरी चांगली वाजवणारी एक मुलगी उठली. सरांनी तिलाही तिथेच थांबवलं. दुपारी आम्ही दोघींनी मिळून हळू वाजवायला सुरुवात केली. शेवटच्या दिवसापर्यंत तेच करत होतो.”

आता ती रोज सकाळी तासभर एकच सप्तक वाजवते, अगदी संथ. आळीत कुजबुज आहे की एवढं कर्ज काढून पोरगी परदेशी गेली आणि परत सारेगमवर आली! गुरुजीही मधूनच कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघतात. मी त्यांना एवढंच सांगतो, ती परत आली ती सारेगमवर आली, हाच आपला नफा. रविवारी रात्री ती मैत्रीण तिकडून फोन करते. मग दोघी फोन समोर ठेवून एकमेकींना वाजवून दाखवतात आणि चुका काढतात.

दर महिन्याला हप्ता भरला की गुरुजी पावती दाखवायला येतात. मी नको म्हणतो, तरी येतात. पावतीवर मुद्दल आणि व्याज यांचेच रकाने असतात.

मी मात्र अजूनही खोपोलीच्या गाडीत कुणाच्या पाठीला व्हायोलिनची पेटी दिसली, की वाकून त्याचा चेहरा बघतो. मग लक्षात येतं, हा तर विशीतला मुलगा. तो आता पन्नाशीचा असेल.