पडद्यावरील चित्र : जुनी चौकट की नवी?

बेंगळुरू येथे इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनी घडविलेला सहा गाभ्यांचा ‘डनिंग्टन’ प्रोसेसर सन २००८ मध्ये बाजारात आला. तो मोठ्या सर्व्हर यंत्रांसाठी होता. पुढे घरगुती संगणकांतही अनेक गाभे असणे सामान्य झाले. परंतु गाभे वाढले म्हणजे प्रत्येक काम आपोआप जलद होते असे नाही. कामाची वाटणी करणारी व्यवस्थाही तशीच असावी लागते. पडद्यावर चित्र काढण्याच्या कामी ही व्यवस्था म्हणजे ग्राफिक्सची चौकट होय. सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्डाला कोणत्या आज्ञा, कशा द्यावयाच्या, हे ती ठरविते.

सन १९९२ मधील ‘ओपनजीएल’ ही जुन्या पिढीची चौकट. कचेरीत कारकून सहा, पण अर्ज घेणारी खिडकी एकच, अशी तिची साधारण रीत आहे. मात्र मेमरीची व्यवस्था आणि कामांचा क्रम ड्रायव्हर सांभाळतो. सन २०१६ मध्ये आलेल्या ‘व्हल्कन’मध्ये अनेक गाभे आज्ञांच्या याद्या एकाच वेळी तयार करू शकतात, पण मेमरी आणि क्रम यांचा भार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर पडतो.

व्हिडिओसाठी यांपैकी कोणती निवडावी? १९२० गुणिले १०८० मापाच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर ५,१८,४०,००० बिंदू होतात. संख्या प्रचंड खरी. परंतु आज्ञा मोजक्याच. चित्र घ्यावे, तेज व रंग यांच्या नोंदींवरून तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण काढावे, माप जुळवावे आणि दाखवावे. हे गणित ग्राफिक्स कार्डच करते. म्हणून नुसत्या व्हिडिओ दाखविण्याच्या कामात खिडकी एक असली तरी रांग लागत नाही. अनेक थर एकत्र करणाऱ्या संपादनाच्या सॉफ्टवेअरला मात्र नव्या चौकटीचा अधिक लाभ होऊ शकतो.

पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सन १९९६ मध्ये आरंभिलेल्या कार्यातून ‘व्हीएलसी’ हा प्लेअर निर्माण झाला. त्याच्या सन २०१८ मधील ३.० आवृत्तीने विंडोजवर ‘डायरेक्टथ्रीडी ११’ला अग्रस्थान दिले, त्यामुळे तेजाचा अधिक विस्तार असलेली एचडीआर चित्रे दाखविणे साधले. तरीही ‘डायरेक्टथ्रीडी ९’चा जुना मार्ग ठेवल्यामुळे विंडोज एक्सपीची यंत्रे वगळली गेली नाहीत. त्याच वर्षी ॲपल कंपनीने मात्र ओपनजीएल कालबाह्य ठरवून स्वतःच्या ‘मेटल’चा पुरस्कार केला. तेव्हा जुन्या चौकटीवर सर्वकाळ विसंबताही येत नाही.

एखाद्या शाळेतील जुना संगणक व्हिडिओ दाखविण्यास समर्थ असूनही, सॉफ्टवेअरने केवळ नवी चौकट मागितल्यास निरुपयोगी ठरतो. म्हणून चौकट निवडताना तिचे वय पाहण्यापूर्वी काम कोणते आणि ते कोणाच्या यंत्रावर चालावयाचे आहे, हे पाहणे इष्ट. जेथे शक्य असेल तेथे नव्या मार्गाबरोबर जुना मार्गही खुला ठेवणे, हेच शहाणपणाचे होय.