दोन रुपयांचा पाहुणचार

विमानतळावरच्या लाउंजच्या दारात रुपे कार्ड यंत्रात सरकवले, की थोड्याच वेळात खात्यातून दोन रुपये वजा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो. आत इडली, उपमा, पोहे, चहा-कॉफी, गादीच्या खुर्च्या, फोन चार्ज करायची सोय आणि तुलनेने स्वच्छ प्रसाधनगृह. बाहेर त्याच इमारतीत चहा-सँडविचला तीन आकडी रक्कम मोजावी लागते. साहजिकच आपल्याकडे ‘लाउंज फुकट आहे’ असा समज पक्का झाला. नेरूळसारख्या नोकरदार आणि निवृत्तांच्या वस्तीत तर कोणत्या बँकेचे कोणते कार्ड कोणत्या टर्मिनलवर चालते, ही माहिती सोसायटीच्या बाकावर गॅस सिलिंडरच्या भावाइतक्याच सहजपणे सांगितली जाते.

हे दोन रुपये म्हणजे खाण्याची किंमत नव्हे. कार्ड खरे आहे, खाते चालू आहे, एवढे पडताळण्यापुरता तो व्यवहार असतो. खरी रक्कम प्रवासी दारातून आत गेल्यावर हिशेबात धरली जाते. प्रत्येक माणसामागे एक ठरलेला दर असतो. तो कार्ड देणारी बँक किंवा कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी भरते. मध्ये बहुधा एक मध्यस्थ असतो. त्याने एका बाजूला बँकांशी आणि दुसऱ्या बाजूला लाउंज चालवणाऱ्यांशी करार केलेले असतात. वाशीच्या बाजार समितीत अडत्या जे काम करतो, तेच याचे काम. लाउंजवाला विमानतळाला जागेचे भाडे किंवा उत्पन्नाचा वाटा देतो. म्हणजे बटाटेवडा आपण खातो, पैसे बँक देते, दर अडत्या ठरवतो आणि जागेचा मालक चौथाच असतो. या साखळीत खाणारा आणि पैसे देणारा एक नाही, हे लक्षात ठेवले की लाउंजच्या दर्जाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो.

मुळात ही कल्पना अगदी वेगळ्या हेतूने जन्मली. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ सुरू केला; विमान कंपनीचा तो जगातला पहिला लाउंज मानला जातो. तिथे प्रवेश निमंत्रणावर होता. कंपनीच्या मर्जीतले उद्योगपती, राजकारणी, नट अशांना मानाने बसवायचे, हा हेतू. पुढे या निवडीवर भेदभावाचा आक्षेप आला आणि निमंत्रणाच्या जागी वर्गणी आली. १९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ निघाला आणि विमान कंपनी कोणतीही असो, तिकीट कोणत्याही वर्गाचे असो, एका सभासदत्वावर अनेक लाउंजांत जाता येऊ लागले.

आपल्याकडची परंपरा रेल्वेची. पहिल्या वर्गाची प्रतीक्षागृहे, दुसऱ्या वर्गाची, बायकांची स्वतंत्र खोली आणि तिसऱ्या वर्गासाठी मुसाफिरखाना, म्हणजे एक मोठे छप्पर आणि फरशी. हा भेद उघड होता, टोचणारा होता. पण त्याचा आधार तिकीट होते. ज्या वर्गाचे तिकीट, त्या वर्गाची खोली. एअर इंडियाच्या महाराजाच्या काळातही (बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो १९४६ मध्ये घडवला) तत्त्व तेच होते: वरच्या वर्गाचे तिकीट घेतलेल्याला वरच्या वर्गाचा पाहुणचार. कार्डाने हे तत्त्व उलटे केले. आज सर्वांत स्वस्त तिकिटावर जाणारा तरुण लाउंजमध्ये असतो आणि दुप्पट पैसे देऊन ऐनवेळी तिकीट काढलेली आजी बाहेर लोखंडी बाकावर. हक्क प्रवाशाचा राहिला नाही, तो बँकेच्या ग्राहकाचा झाला.

मुंबईत हे बदल झपाट्याने झाले. २००६ मध्ये मुंबई विमानतळ खासगी भागीदारीत गेला, २०१४ मध्ये सहारचे नवे टर्मिनल २ सुरू झाले आणि २०२१ मध्ये विमानतळाची मालकी जीव्हीकेकडून अदानी समूहाकडे आली. याच सुमारास स्वस्त विमानसेवांनी बाजी मारली होती. त्यांच्या हिशेबात लाउंज बसतच नव्हता. स्वतःचे लाउंज असलेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. जी पोकळी झाली ती विमानतळाच्या सामाईक लाउंजांनी आणि कार्डांनी भरली. ‘ड्रीमफोक्स’ ही कंपनी २०१३ पासून या धंद्यात होती. २०२२ मध्ये तिने शेअर बाजारात पाऊल टाकले, तेव्हा भारतीय कार्डांवरच्या देशांतर्गत लाउंज प्रवेशांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रवेश तिच्यामार्फत होत असल्याचे तिच्या कागदपत्रांत नमूद होते. एकाच अडत्याच्या हातात सगळा बाजार!

आता खाणावळीचे उदाहरण घेऊ. महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्या खाणावळीत मेंबर वाढले, की आमटी पातळ होते. लाउंजवाल्याला माणशी ठरलेला दर मिळतो. तो दर वाढवायला बँक सहसा राजी नसते, कारण तिच्या दृष्टीने हा जाहिरातीचा खर्च आहे. मग चालवणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: जास्त माणसे आत घ्यायची किंवा माणशी खर्च कमी करायचा. पहिल्याने दारात रांग लागते, दुसऱ्याने पनीरचे तुकडे मोजता येतात. शांतपणे बसता यावे म्हणून काढलेल्या खोलीबाहेर अर्धा तास उभे राहायचे आणि आत गेल्यावर प्लेट हातात घेऊन खुर्ची शोधायची, हे दृश्य मुंबईच्या पहाटेच्या उड्डाणांच्या वेळी नवे नाही. बसण्याची मुदत सहसा दोन-तीन तासांची असते, ती याच गर्दीमुळे. मला यात लाउंजवाल्यापेक्षा बँकांचा दोष अधिक दिसतो. खुर्च्या किती हे न पाहता त्यांनी कार्डे वाटली.

मग बँकांनीच हात आखडला. एचडीएफसी बँकेने डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डासाठी तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजारांची अट आणली. डेबिट कार्डांची गोष्ट आणखी बोलकी आहे. दुकानात कार्ड वापरले, की दुकानदाराकडून बँकेला थोडे कमिशन मिळते. लाउंजचा खर्च त्यातून निघावा, असा हिशेब. पण रुपे डेबिट कार्डावरचे हे कमिशन जानेवारी २०२० पासून सरकारने शून्य केले. ज्या कार्डावर बँकेला काही मिळत नाही, त्यावरचा पाहुणचार फार काळ टिकणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

या साखळीतला कच्चा दुवाही लवकरच उघडा पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये एके दिवशी अनेक विमानतळांवर ड्रीमफोक्समार्फत चालणारी कार्डे अचानक चालेनाशी झाली आणि लोक दारातून परत फिरले. लाउंजवाल्यांनी आणि बँकांनी अडत्याला वगळून थेट व्यवहार सुरू केले. अखेर १६ सप्टेंबर २०२५ पासून ड्रीमफोक्सने देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. काहींनी याचा अर्थ ‘लाउंज बंद झाले’ असा घेतला, तसे नाही. लाउंज होते तिथेच आहेत, दारातली व्यवस्था बदलली. काही ठिकाणी कार्डाऐवजी बँकेच्या अ‍ॅपवरून काढलेले व्हाउचर लागते. वयस्कर प्रवाशासाठी मात्र हा फरक लहान नाही. यंत्रात कार्ड सरकवणे त्याला जमत होते. दारात उभे राहून ओटीपीची वाट पाहणे, तेही परदेशी सिम घातलेल्या फोनवर, जमेलच असे नाही.

इथे आंतरराष्ट्रीय प्रवासाचा मुद्दा येतो आणि नेरूळच्या घराघरातला प्रश्नही. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, लंडनला. आईवडील दरवर्षी किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने जाणारे. पश्चिमेकडची बरीच विमाने मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. तीन तास आधी पोहोचायचे, त्यात वाशीचा पूल, चेंबूर, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता यांचा भरवसा नाही, म्हणून आणखी दोन तास हातात ठेवायचे. संध्याकाळी सातला घर सोडलेले जोडपे पहाटे दोनच्या विमानापर्यंत सात तास ताटकळते. लाउंजची गरज अशी विमानतळावर नव्हे, वाशीच्या पुलावर तयार होते.

आणि नेमके इथे बहुतेकांचे कार्ड फसते. टर्मिनल २ मध्ये देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी एकाच इमारतीत शिरतात, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि लाउंजही वेगळे. साध्या डेबिट कार्डांवरची सवलत बहुधा देशांतर्गत लाउंजपुरतीच असते. आंतरराष्ट्रीय बाजूला वरच्या श्रेणीचे कार्ड लागते किंवा प्रायॉरिटी पास. त्यातही मेख अशी, की भारतीय बँकांनी दिलेल्या अनेक प्रायॉरिटी पासांवरच्या मोफत भेटी भारताबाहेरच्या लाउंजसाठी असतात. तोच पास मुंबईत दाखवला, की दर भेटीला डॉलरमध्ये आकारणी होते आणि ती पुढच्या महिन्याच्या बिलात उमटते. मुलाने ‘माझं कार्ड आहे ना’ म्हणून उपयोग नाही. कार्डधारक स्वतः हजर लागतो. मुलाच्या खात्याला जोडलेले पूरक कार्ड आईवडिलांच्या नावाने काढता येते, पण त्यावर लाउंजचा हक्क आहे का, हे त्या कार्डाच्या अटींतच पाहावे लागते. वडिलांच्या नावाने कार्ड असेल, तर आई ‘पाहुणी’ ठरते आणि तिचे पैसे वेगळे. संसारात पन्नास वर्षे काढून दारात पाहुणी ठरणे, हा विनोद बँकांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

व्हीलचेअर मागितलेल्यांची अडचण आणखी वेगळी. मदतनीस त्यांना तपासणीतून झटपट पार करून गेटजवळ नेऊन ठेवतो आणि पुढच्या प्रवाशाकडे जातो. लाउंज वरच्या मजल्यावर किंवा दूरच्या टोकाला असेल, तर तिथवर नेणे-आणणे त्याच्या गणितात बसत नाही. तेव्हा चेक-इनच्या खिडकीवरच ‘आम्हाला लाउंजमध्ये सोडा आणि अमुक वेळी न्या’ असे स्पष्ट सांगितलेले बरे. बिझनेस क्लासचे तिकीट असेल, तर विमान कंपनीच लाउंजचा कागद हातात देते आणि हे सगळे प्रश्न मिटतात. पण ते तिकीट किती जणांना परवडते?

दोन तासांच्या नागपूर प्रवासाला निघालेल्या चाळिशीतल्या माणसाला लाउंज सहज मिळतो आणि बावीस तासांच्या प्रवासाला निघालेल्या सत्तरीतल्या बाईला तो अवघड होतो. गरज आणि सोय यांची ही उलटी मांडणी कोणी मुद्दाम केलेली नाही. तरुण पगारदाराचा खर्च बँकेला हवा असतो, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचा फारसा नाही, एवढेच.

मग ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांचे काय? विमानतळाच्या शुल्कांवर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाचे (एईआरए) नियंत्रण असते. विमान उतरण्याचे, उभे राहण्याचे आणि प्रवाशाकडून तिकिटातच घेतले जाणारे वापरकर्ता विकास शुल्क त्यात येते. लाउंज, दुकाने, खाद्यगृहे ‘विमानेतर’ उत्पन्नात मोडतात. त्यांचे दर प्राधिकरण ठरवत नाही. त्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा हिशेबात धरून बाकीची शुल्के ठरवली जातात. याचा परिणाम असा, की बाकावर बसलेल्या प्रवाशाकडून विमानतळाला जास्तीचे काही मिळत नाही. दुकानात आणि लाउंजमध्ये शिरलेल्याकडून मिळते. चांगला बाक टाकण्यात कोणाचाच फायदा नाही.

जानेवारी २०२४ मध्ये याचे टोक दिसले. गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवताना साऱ्या देशाने पाहिले. नागरी विमान सुरक्षा विभागाने इंडिगोला १.२० कोटी आणि मुंबई विमानतळाला ६० लाख रुपये दंड केला. त्या वर्षअखेरीस विमानतळावरच्या चहाच्या किमतीचा प्रश्न राज्यसभेत गाजला आणि डिसेंबर २०२४ मध्येच कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले: चहा दहा रुपये, समोसा वीस रुपये. लाउंजपेक्षा ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण तिथे दारात कोणी कार्ड विचारत नाही.

नेरूळकरांसाठी आता नवी मुंबई विमानतळही आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमाने उडाली, आरंभी देशांतर्गतच. दहा गावांनी जागा सोडून दिल्यावर, उलवे टेकडी सपाट केल्यावर आणि नदीचा प्रवाह वळवल्यावर तो उभा राहिला. नेरूळ-उरण मार्गावरचे तरघर स्थानक त्याच्या जवळचे. पुलाची धास्ती नसल्याने घरातून निघण्याची वेळ उशिरा सरकेल आणि विमानतळावरचे ताटकळणेही तितके कमी होईल. सुरुवातीच्या तात्पुरत्या आदेशात एईआरएने इथून देशांतर्गत विमानाने निघणाऱ्या प्रवाशामागे ६२० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशामागे १,२२५ रुपये वापरकर्ता विकास शुल्क ठरवले. हे पैसे प्रत्येक जण भरतो, लाउंजमध्ये जाणारा आणि न जाणाराही.

विमानाला उशीर झाला, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम कामी येतो. वेळेत चेक-इन केले असेल, तर अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास आणि बाकीच्यांना चार तास उशीर होणार असल्यास विमान कंपनीने जेवण किंवा अल्पोपाहार द्यायचा असतो. तो लाउंजच्या दारात मागायचा नसतो. कंपनीच्या माणसाला गेटवर बोर्डिंग पास दाखवून मागायचा. न मागता तो क्वचितच येतो.