तांबेरा आणि हवामानाचा अंदाज : फवारावे की थांबावे?



तांबेऱ्याची चाहूल लागली की शेतकी ऑफिसात एकच प्रश्न येतो, "साहेब, तुरळक पाऊस सांगितलाय, फवारू का थांबू?" एका शब्दात उत्तर आमच्याकडेही नाही. पण अंदाज वाचायचा कसा, एवढे सांगू शकतो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडासा पाऊस नव्हे. हवामान खात्याच्या भाषेत त्या विभागातील १०० पैकी २५ पर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे ५० पर्यंत. किती पडेल, ते निराळेच. तेव्हा आपल्या फडावर थेंब आला नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. पहिल्या दोन दिवसांवर भिस्त ठेवावी, पाचवा दिवस नुसता कानावर असू द्यावा.

दुसरे म्हणजे तांबेऱ्याला पाऊसच लागतो असे नाही. रात्रभर पाला ओला राहिला की झाले, मग ते दव का असेना. 'हवामान कोरडे' ऐकून निर्धास्त झालेल्यांनी पहाटे फडात शिरून कपडे किती भिजतात ते पाहावे. शिवाय बुरशी आत शिरल्यावर पानावर फोड यायला आठवडा-दोन आठवडे जातात. आजचे ठिपके मागच्या हवेचे असतात.

गंमत अशी, की ज्या पावसाच्या भीतीने फवारायचे, तोच पाऊस फवारा धुऊन नेतो. मॅन्कोझेबसारखे पानावर बसणारे औषध उघडीप बघून, स्टिकर मिसळूनच मारावे.

शक्यता निम्मी-निम्मी असली तर? मग अंदाज बाजूला ठेवून ऊस बघा. जात बळी पडणारी, ऊस चार-पाच महिन्यांचा, युरियाचा हात सैल सुटलेला, आणि पानाच्या खालच्या अंगाला बोट फिरवल्यावर तांबडी भुकटी लागते, तर थांबू नका. एक फवारणी वाया गेली तरी परवडते. तोडणीला आलेल्या उसाला हा हिशेब लागू नाही. तिथे खर्चही निघत नाही अन् पंपवाला आत शिरतही नाही.

'आमच्या जातीवर कधी येत नाही' हाही एक अंदाजच. ऑस्ट्रेलियात क्यू १२४ ही अशीच भरवशाची जात, मोठ्या क्षेत्रावर होती. २००० साली नारिंगी तांबेऱ्याने तिच्यावरच घाला घातला आणि शेतकऱ्यांना जात बदलावी लागली. म्हणून कुठल्याही जातीवर ठिपके दिसले तर पान गट ऑफिसात आणून दाखवा. कागदात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजते.