नौकानयनाचे ऑनलाइन पाठ निवडताना

ज्याला बालपणी लसी टोचल्या, असा पोलोग्राउंडचा एक युवक परवा ऑनलाइन नौकानयन-सिद्धान्ताच्या दोन अभ्यासक्रमांची माहितीपत्रके घेऊन आला. ‘‘डॉक्टरकाका, कोणता घेऊ?’’ दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते वाचून त्याला हा ध्यास लागलेला.

स्वस्त अभ्यासक्रम अमेरिकी होता. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र सारखेच. परंतु समुद्रमार्ग दाखविणाऱ्या बोयांचे तसे नाही. बंदरात शिरताना भारतात व युरोपात तांबडा बोया डाव्या हातास ठेवतात, अमेरिकेत उजव्या. चुकीचा पाठ मुखोद्गत झाला, तर नौका सरळ खडकावर! म्हणून ज्या पाण्यात जावयाचे, तेथील पद्धत शिकविणारा अभ्यासक्रम घ्यावा.

दुसरी कसोटी भरती-ओहोटीची. मुंबईस उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. ती गणिते नकाशावर पेन्सिलीने सोडवून घेणारा आणि चुका तपासणारा शिक्षक हवा. केवळ चित्रफिती पुरेशा नाहीत. प्रमाणपत्राने शीड हाताळता येत नाही, हेही खरेच. नवजात अर्भकास कृत्रिम श्वास देणे आपण तरी ग्रंथ वाचून कोठे शिकलो? प्रत्यक्ष सरावास भोपाळचा मोठा तलाव जवळ आहे. मात्र तेथे भरती-ओहोटी नाही.

शेवटी मी विचारले, ‘‘पोहता येते ना?’’ तो गप्प झाला. अभ्यासक्रम त्याने दुसरा घेतला. तूर्त सकाळी तरणतलावावर जातो.